गोळी बंद केली, मग हे काय सुरू झालं?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी यावल तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ५१. नऊ वर्षांपूर्वी फायब्रॉइडच्या गाठींमुळे माझी पिशवी काढली, दोन्ही अंडाशयही त्याच वेळी काढले. तेव्हापासून रोज इस्ट्राडायोलची २ मिलिग्रॅमची एक गोळी चालू होती. काही त्रास नव्हता. दिवाळीत सुरतच्या नणंदेला स्तनाचा कॅन्सर निघाला, ती ४४ वर्षांची आहे. या गोळ्यांनी कॅन्सर होतो असं मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं. मी घाबरले आणि १५ मार्चला गोळी एकदम बंद केली. डॉक्टरांना विचारलं नाही, ही माझी चूक.

आठ-दहा दिवस बरे गेले. मग छातीपासून डोक्यापर्यंत वाफ चढायला लागली. रात्री दोन-तीनदा गाऊन बदलावा लागतो. सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही. बसल्या जागी छातीत धडधडतं, हात थरथरतो, फळ्यावर अक्षर वाकडं येतं आणि पोरं हसतात. दोन महिन्यांत वजन तीन किलोनं उतरलं. ३८व्या वर्षापासून मला थायरॉइडची गोळी आहे. आधी ७५ची होती, ऑपरेशननंतरच्या वर्षी १००ची केली, तीच चालू आहे. सासूबाई म्हणतात, आम्हाला बाई असलं काही झालं नाही. मला या गोळीचं व्यसन लागलं होतं का? परत सुरू करू का? हे किती दिवस चालणार? माझी हाडं गेली का? मुलगी २४ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिला हे सांगू की नको, तेही कळत नाही.
— एक शिक्षिका, यावल तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं, नेहमीचीच गोष्ट आहे. दुसऱ्यांदा 'वजन तीन किलोनं उतरलं' या ओळीशी थांबले. तिकडे येतेच. आधी व्यसनाचं बोलू, कारण रात्री दोन वाजता घामेजून उठल्यावर तोच प्रश्न तुम्हाला जास्त छळत असणार.

व्यसन नाही. व्यसनाच्या वस्तूचा डोस वाढवत न्यावा लागतो, ती मिळाली नाही की मन तिच्यामागे धावतं. तुम्ही नऊ वर्षं तीच एक गोळी तेवढीच घेतलीत. झालं काय, ते सांगते. ४२व्या वर्षी अंडाशय काढले त्या दिवशी तुमच्या शरीरातलं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बायकांचं हार्मोन, जवळजवळ संपलं. ज्यांची पाळी आपसूक जाते त्यांचं इस्ट्रोजेन चार-पाच वर्षं चढत-उतरत कमी होतं, शरीराला सावरायला वेळ मिळतो. तुमच्या बाबतीत दिवा एका फुंकरीत विझला आणि लगेच कुणीतरी बॅटरी लावून दिली. बॅटरी आता काढली. अंधार तेव्हाचाच आहे, तुम्हाला तो पहिल्यांदा दिसतोय.

गोळीतलं इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेनच. ते दोन-चार दिवसांत रक्तातून निघून जातं. मेंदूत तापमानाचा काटा सांभाळणारा एक भाग असतो. इस्ट्रोजेन कमी झालं की त्याची सहनशक्ती आखडते. अंगाचं तापमान जरासं वर गेलं, इतकं की एरवी कळलंही नसतं, तरी तो 'आग लागली' म्हणून ओरडतो. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुगतात, घाम सुटतो, आणि पाच मिनिटांनी तीच बाई गारठून चादर ओढते. माझ्याकडे येणाऱ्या एक अमळनेरच्या आजी याला 'आंगमा भट्टी पेटस' म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकात मला यापेक्षा नेमकं वर्णन सापडलेलं नाही. सासूबाईंनाही ही भट्टी बहुधा माहीत असेल. अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या, पहाटे विहिरीवर जाणाऱ्या बायकांनी ती कुणाला सांगितली नाही, एवढंच. कधी एकट्या असताना विचारून बघा. माझ्या सासूबाईंनी सांगितलं, पण मी तिसऱ्यांदा विचारल्यावर.

आणि महिना कोणता निवडलात! मार्चच्या मध्यात बंद केलीत म्हणजे वाफा ऐन भरात आल्या त्या आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये. मी हसत नाहीये, मी स्वतः हेच केलंय. माझी पाळी ४९ला गेली, ५४पर्यंत मी हार्मोन घेतले आणि बंद केले ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भुसावळात. बाहेर ४५ अंश, आत ही भट्टी. ऑपरेशनच्या गाऊनमध्ये उभी असताना आमच्या सिस्टर मानेवर ओला नॅपकिन ठेवायच्या, आणि तो सुकायच्या आत माझा चेहरा पुन्हा लालबुंद. एका बाळंतपणात बाळाच्या आजीनं मला पंख्यानं वारा घातला, सुनेला सोडून! तेव्हापासून माझ्या पेशंटना मी सांगते, गोळी थांबवायचीच असेल आणि घाई नसेल तर कार्तिकात थांबवा. हे कुठल्या पुस्तकात नाही, खानदेशात दवाखाना चालवणाऱ्या बाईचं मत आहे.

एकदम बंद केली म्हणून फार मोठं नुकसान झालं असंही मनात धरू नका. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१५ मध्ये दिलेल्या सूचनांत हे स्पष्ट आहे: हळूहळू कमी केली तर सुरुवातीचे थोडे दिवस त्रास कमी होऊ शकतो, पुढे जाऊन दोन्ही वाटा सारख्याच. गोळी थांबवणाऱ्या साधारण निम्म्या बायकांच्या वाफा परत येतात, मग गोळी दोन वर्षं घेतलेली असो की दहा. बहुतेकींच्या काही महिन्यांत ओसरतात. काहींच्या रेंगाळतात. तुम्ही कुठल्या गटात, ते मला आज सांगता येणार नाही.

बोटं आखडण्याचंही नवल वाटायला नको. २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोनचा तो गाजलेला मोठा अभ्यास अर्ध्यातच थांबवला, तेव्हा हजारो बायकांच्या गोळ्या एका दिवसात बंद झाल्या. काही महिन्यांनी त्यांना प्रश्नावली पाठवली. खऱ्या गोळ्या घेतलेल्यांपैकी २१ टक्क्यांना बऱ्यापैकी किंवा जोरदार वाफा येत होत्या, तुलनेसाठी खोट्या, म्हणजे औषधच नसलेल्या, गोळ्या घेतलेल्यांपैकी ५ टक्क्यांना. अंग दुखणं-आखडणं ३७ आणि २२ टक्के. म्हणजे सांध्यांची तक्रार तुमच्या मनातली नाही. सकाळी कोमट पाण्यात हात घालून दहा मिनिटं मुठी उघडझाप करा. तासाभरानंतरही बोटं मोकळी होत नसतील किंवा सांधे सुजत असतील तर मात्र संधिवाताच्या तपासण्या कराव्या लागतील.

आता वजनाकडे.

वाफा येतात आणि जातात. त्या वेळी छाती धडधडते, ओसरली की थांबते. तुम्ही लिहिता, बसल्या जागी धडधडतं, हात थरथरतो, आणि वजन उतरलं. पाळी गेल्यावर वजन वाढल्याची तक्रार मी रोज ऐकते, उतरल्याची क्वचितच. मग तुमच्या पत्रातली ती ओळ पुन्हा पाहिली: आधी ७५, ऑपरेशननंतरच्या वर्षी १००.

थायरॉइडचं हार्मोन रक्तात एका प्रथिनावर बसून फिरतं. बसलेलं असेल तोवर ते काम करत नाही. सुटं असतं तेवढंच काम करतं. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतातून जाताना हे प्रथिन वाढवतं. सावद्याच्या स्टेशनात केळीला वॅगन जास्त लागल्या की बाजारात केळी कमी उरतात, तसं. म्हणून तुमचा डोस तेव्हा २५नं वाढवावा लागला असणार, आणि तो बरोबरच होता. मार्चमध्ये इस्ट्रोजेन थांबलं. काही आठवड्यांत वॅगन कमी झाल्या. माल मात्र रोज १००चाच येतोय, तो सगळा बाजारात. तेव्हा तुमची धडधड, थरथर आणि वजन यांचं खापर इस्ट्रोजेनच्या कमतरतेवर फोडण्याआधी थायरॉइडची गोळी तुम्हाला आता जास्त होतेय का, ते बघायला हवं.

हा माझा अंदाज आहे, निदान नाही. पत्रावरून निदान करू नये. या आठवड्यात सकाळी, थायरॉइडची गोळी घेण्याआधी, टीएसएच आणि फ्री टी-४ या थायरॉइडच्या तपासण्यांसाठी रक्त द्या. सोबत एक ईसीजी आणि हिमोग्लोबिन. थायरॉइडची गोळी जास्त झाली की टीएसएच खाली जातं. ते खूप खाली गेलेलं निघालं तर तुमचे डॉक्टर डोस कमी करतील आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतील. स्वतःच्या मनानं ही गोळी बंद करू नका. एका गोळीचा हा प्रयोग करून झालाय, दुसरीचा नको. धडधडीसोबत चक्कर आली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर पत्राच्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. नऊ वर्षं तुम्ही गोळी घेतलीत, पण ती कशासाठी, कधीपर्यंत आणि थांबवली तर काय-काय तपासायचं, हे एका चिठ्ठीवर कुणी लिहून दिलं नाही. थायरॉइडचे डॉक्टर एक, पिशवीचे डॉक्टर दुसरे, आणि दोघांच्या मधोमध तुम्ही, प्लॅस्टिकच्या पिशवीत रिपोर्ट घेऊन.

कॅन्सरचं. मुलानं वाचलं ते खोटं नाही, पण ते तुमच्याबद्दल नाही. त्या अमेरिकेतल्या अभ्यासात २००२ मध्ये जो गट थांबवला त्यातल्या बायकांना गर्भाशय होतं आणि त्या इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं औषधही घेत होत्या. सरासरी वय ६३. त्यांच्यात दर १० हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या ८ केसेस जास्त दिसल्या. पिशवी काढलेल्या, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांचा गट वेगळा होता. त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही; पक्षाघाताचं प्रमाण वाढलं, म्हणून २००४ मध्ये तोही थांबवला. इतर काही अभ्यासांत वर्षानुवर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत थोडी वाढ दिसली आहे, तेव्हा धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण ४२व्या वर्षी अंडाशय गेलेल्या बाईनं निदान पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन घ्यावं, हीच शिफारस आहे. हाडं आणि हृदय, दोन्हींसाठी. तुमची नऊ वर्षं फुकट गेली नाहीत.

आणि ताई, नणंदेचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही! तिच्या आजारानं तुमचा धोका तसूभरही वाढत नाही. पण तुमच्या लेकीची ती सख्खी आत्या आहे. स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारं सदोष जनुक बापाकडूनही येतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. सगळे आईकडचंच बघतात. ४४ हे वय कमी आहे. नणंदेच्या डॉक्टरांना विचारा की तिची जनुक-तपासणी झाली का. झाली असेल आणि दोष निघाला असेल, तर तुमच्या मिस्टरांनी आणि मग मुलांनी सल्ला घ्यावा. मुलीला सांगू की नको म्हणता. सांगा, पण हे सांगा.

हाडांकडे दुर्लक्ष नको. इस्ट्रोजेन थांबलं की हाडांची झीज पुन्हा वेग घेते, पहिली एक-दोन वर्षं जास्तच. त्यात थायरॉइडचा डोस खरंच जास्त होत असेल तर तोही हाडं पोखरतो, म्हणजे दोन्हीकडून गळती. एकदा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या, म्हणजे आज हाडं कुठे आहेत ते कळेल. कॅल्शियम दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम लागतं. एका पेला दुधात अडीचशेच्या आसपास मिळतं. तीळ उत्तम, कळण्याच्या भाकरीवर तिळाची चटणी घ्या. केळी मात्र यात मोजू नका. रावेर-यावलच्या बायका मला ठामपणे सांगतात, 'आम्ही रोज केळी खातो, आम्हाला कॅल्शियमची काय गरज?' शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शियम जेमतेम ५-६ मिलिग्रॅम असतं. केळी खा, त्यात पोटॅशियम आहे, चव आहे, आणि आपलं पोट त्यावर चालतं. हाडांचा हिशोब वेगळा. कॅल्शियमची गोळी लागली तर थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्या, नाहीतर ती थायरॉइडची गोळी शोषूच देत नाही.

पत्राच्या अगदी शेवटी, सहीच्या खाली, वेगळ्या पेनानं तुम्ही एक ओळ लिहिली आहे. ती मी वर छापायला दिली नाही. उत्तर मात्र देते, कारण ती ओळ न लिहिणाऱ्या शंभरजणी हे वाचत असतील. खालची कोरड, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला वारंवार लागणं, हे वाफांसारखं आपोआप ओसरत नाही, उलट हळूहळू वाढतं. त्यावर इस्ट्रिऑलचं, म्हणजे सौम्य इस्ट्रोजेनचं, क्रीम मिळतं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा आत लावायचं. रक्तात ते नगण्य जातं, आणि गोळी बंद असली तरी वर्षानुवर्षं वापरता येतं. लाजण्यासारखं त्यात काही नाही. चष्मा लागला तर आपण लाजतो का?

राहिला प्रश्न, परत सुरू करू का. आज नाही, आधी थायरॉइड. तो डोस जुळला आणि सहा-आठ आठवड्यांनीही रात्रीची झोप मोडतच असेल, तर सुरू करायला तुमच्या वयात हरकत नसते. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), रक्तदाब, लिपिड (रक्तातली चरबी) बघून. तेव्हा गोळीऐवजी त्वचेवर लावायच्या जेलबद्दल विचारा. ते यकृतातून आधी जात नाही, त्यामुळे रक्ताच्या गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी आणि थायरॉइडचा हिशोबही फारसा बिघडत नाही. हार्मोन नकोच असेल तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्रीची गॅबापेन्टिन अशी औषधंही वाफांवर काम करतात, पण तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच. तोपर्यंत सुती गाऊन, उशाशी पाण्याचा तांब्या, रात्रीच्या जेवणात झणझणीत शेवभाजी नको. शेवभाजी सोडा म्हणताना माझाच जीव खालीवर होतो, पण रात्री नकोच. दुपारी खा.

प्रश्न : माझ्या आईचं वय ५६. पाळी गेल्यावर तीन वर्षं ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोनची दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी घेत होती. फेब्रुवारीत बंद केली. चार दिवसांनी थोडं अंगावरून गेलं, मग थांबलं. आता मेअखेरीस पुन्हा दोन दिवस डाग दिसले. आई म्हणते, गोळी सोडल्याचाच परिणाम असेल, कापसाची लागवड आटोपली की दाखवू. थांबलं तर चालेल का?
— एक मुलगी, शिरपूर

उत्तर : नाही चालणार. फेब्रुवारीतलं समजू शकते. गोळी थांबली की पिशवीचं अस्तर आधार सुटून गळतं आणि काही दिवसांत थोडं रक्त जातं. तीन महिन्यांनी आलेल्या डागाला ते कारण लागू होत नाही. पाळी गेलेल्या बाईला रक्त दिसलं, एक थेंब का असेना, की तपासणी करायचीच. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, बारीकसा पॉलिप (अस्तरावरची मऊ गाठ) किंवा कोरडेपणानं सोललेली त्वचा. पण पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर सुरुवातीला असाच एका डागानं कळतो, आणि त्या टप्प्यावर तो बरा होतो.

योनीमार्गातून करायची सोनोग्राफी लागेल, पोटावरची पुरेशी नाही. अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर काळजी बरीच कमी होते. जाड असेल किंवा डाग पुन्हा दिसले तर अस्तराचा तुकडा काढून तपासतात. पिशवीचं तोंडही बघायला सांगा. जाताना बंद केलेल्या गोळीचं रिकामं पाकीट न्या, आणि दोन्ही वेळच्या तारखा कागदावर लिहून द्या. आई डॉक्टरसमोर बसली की 'थोडंसंच होतं' म्हणेल, तेव्हा तो कागद तुमच्या हातात असू द्या. लागवडीला एक दिवस मजूर जास्त लावा आणि याच आठवड्यात जाऊन या.